पाचारण की महत्त्वाकांक्षा: अर्ज भरण्याआधीची पडताळणी

पाळक, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, व्हायचं मनात आलं की सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) कुठली, फी किती, आपली मंडळी (चर्चचा समुदाय) खर्च उचलेल का, ही चौकशी सगळेच करतात. ही ओढ देवाकडून आहे, म्हणजे खरं पाचारण (देवाची हाक) आहे, की मोठेपणाची हौस देवाचं नाव घेऊन बोलतेय, हा प्रश्न मात्र पुष्कळांना राजीनामा दिल्यावर पडतो. तो आधी सोडवावा.

सुरुवातीला एक भीती बाजूला ठेवा. सेवेची इच्छा असणं म्हणजे पाप नव्हे. 1 तीमथ्य 3:1 मध्ये पौल तिला चांगल्या कामाची इच्छा म्हणतो आणि लगेच अटी घालतो: नवशिका नको, द्रव्यलोभी नको, घर नीट चालवणारा हवा. येशूचे शिष्य असलेल्या जब्दीच्या दोन मुलांनी त्याच्या शेजारची उजवी-डावी आसनं मागितली. येशूने त्यांना समज दिली, पण हाकलून दिलं नाही. त्यामुळे हेतू शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कोणीच पाळक होणार नाही. हौस आणि पाचारण मिसळूनच येतात. निर्णय घेताना कोणाचं चालतं, एवढंच तपासायचं.

त्यासाठी एक वही करा आणि तीन महिने रोज तारीख टाकून तीन गोष्टी लिहा. प्रार्थनेत काय सुचलं, त्या दिवशी काय घडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ टिकली का. दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरा: साहेबांनी झापलं, बढती हुकली, लग्न मोडलं, कन्व्हेन्शनहून (ख्रिस्ती मेळाव्याहून) आलो. ऑफिसात खटका उडाला की त्याच रात्री पाचारण जोर धरतं, असं तीनचारदा दिसलं तर नोकरी बदला, सेमिनरी नको. कन्व्हेन्शननंतरचा उत्साह आठवड्याभरात ओसरत असेल तर त्यावर आयुष्याचा निर्णय उभारू नका. जेझुइट संघाचा संस्थापक, कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला याचा नियम इथे प्रोटेस्टंटांनाही उपयोगी पडतो: मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. मोठ्या आनंदानंतर लगेच सुचलेल्या योजनाही वेगळ्या तपासाव्यात, कारण त्यांत आपलंच डोकं चालत असण्याची शक्यता असते, असं तो सांगतो.

वहीबरोबरच एक वर्ष अशी कामं करा ज्यांना व्यासपीठ नाही. शब्बाथ शाळेचा (रविवारच्या धर्मशिक्षणाचा) एक वर्ग दर रविवारी, महिन्यातून दोन इस्पितळभेटी, आणि मंडळीतल्या प्रत्येक दफनविधीला हजेरी, मग तो कामाच्या दिवशी शिवडीच्या दफनभूमीत असला तरी अर्धी रजा टाकून. मुंबईत परळला केईएम आणि टाटा ही इस्पितळं जवळजवळ आहेत. बाहेरगावचे रुग्ण महिनोन्महिने इथे असतात आणि त्यांच्या गावचे पाळक दर आठवड्याला येऊ शकत नाहीत. वॉर्डात भेटीची वेळ पाळा, खाटेवर बसू नका, दहा मिनिटांत आटपा. प्रार्थना करू का, हे आधी विचारा. नको म्हटलं तर तब्येतीची चौकशी करून निघा. हो म्हटलं तर स्तोत्र 121 मधल्या चार ओळी आणि शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशा आवाजात छोटी प्रार्थना. आजार बरा होईलच असं वचन देऊ नका. फोटो नाही. खरी परीक्षा इथेच होते: बाहेर पडल्यावर हात मोबाइलकडे जातो का, ग्रुपवर टाकावंसं वाटतं का, पाळकसाहेबांना कळलं नाही तर भेट फुकट गेल्यासारखी वाटते का. तेही वहीत लिहा.

पुढची पायरी आपल्या हातात नाही. अंत्युखिया शहरातल्या मंडळीत बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) आधीपासून शिकवत होते. मंडळी उपास-प्रार्थनेत असताना हाक आली आणि मंडळीनेच हात ठेवून त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये 13). लहानग्या शमुवेलालाही हाक कोणाची ते एली याजकाकडून कळलं. म्हणून तीन माणसं निवडा: तुमच्यावर माया असलेलं एक, ज्याच्याशी वाजलंय असं एक, आणि एक घरातलं. ‘मी पाळक होऊ का?’ असं विचारलंत तर लोक भिडेने हो म्हणतात. विचारा, ‘माझ्या शिकवण्याने तुमच्या घरात काय बदललं?’ लग्न झालं असेल तर जोडीदाराला एकट्याला, तुम्ही समोर नसताना, वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांनी) विचारावं. ‘प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवलं’ म्हणणारा पाहुणा वक्ता रात्रीच्या गाडीने निघून जातो. त्याचं म्हणणं नोंदवा, पण एवढ्यावर काही ठरवू नका.

कॅथलिकांची वाट वेगळी आणि लांब. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीसारख्या ठिकाणी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं जातात, आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे याजकदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) मिळत नाही. ही वर्षं पारखण्यासाठीच आहेत. मध्येच बाहेर पडणाऱ्याला नावं ठेवू नयेत.

पैशाचं बोलायला लाजू नका. भाडं, मुलांची फी, आईवडिलांची औषधं, कर्जाचे हप्ते कागदावर मांडा. हप्ते चालू असताना विश्वासाने उडी घेणाऱ्याच्या वाट्याचा भार शेवटी बायकोवर आणि सासऱ्यांवर पडतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचं वेतन सोडलं हे उदाहरण हटकून दिलं जातं. पण त्यांचा बाप्तिस्मा 1895चा, मुंबईतला, आणि वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमुदाय उभारला 1917 साली. मधली वीसहून जास्त वर्षं सांगायची राहून जातात.

सगळ्यात जास्त घात होतो तो वडीलमंडळाशी बिनसल्यावर. महिन्याच्या भाड्याने हॉल घ्यायचा, नावापुढे रेव्हरंड लावायचं आणि नवी मंडळी सुरू करायची. अशा नव्या मंडळीच्या हजेरीची यादी पाहावी. बहुतेक नावं जुन्याच मंडळीतली असतील तर ती सुवार्ता नव्हे, फाटाफूट आहे. दुसऱ्याच्या पायावर बांधायचं नाही ही पौलाची रीत होती (रोम 15:20). अशा वेळी भांडण आधी मिटवा आणि निदान वर्षभर कुठलंही पद घेऊ नका.

हे सगळं झाल्यावर अर्ज. नोकरीचा राजीनामा प्रवेशाचं पत्र हातात आल्यावरच द्या, नोटीस पूर्ण भरा. मंडळीच्या कमिटीने शिफारस नाकारली तर कारणं लेखी मागा, त्यावर वर्षभर काम करा आणि पुन्हा अर्ज द्या. दरम्यान शब्बाथ शाळेचा वर्ग सोडू नका. नकारानंतरच्या रविवारी तुम्ही वर्गावर वेळेत आलात की नाही, याकडे कमिटीचं लक्ष असतं.