लूपमधली डिपेंडन्सी हाताने कशी तपासावी

मिरकरवाडा बंदरातल्या पाण्याची दर तासाची उंची ‘भरती’ या अ‍ॅरेत आहे. आकडे फार उड्या मारतात, म्हणून रत्नागिरीतले आमचे विद्यार्थी हमखास असा लूप लिहितात:

भरती[न] = (भरती[न−१] + भरती[न+१]) / २

आणि विचारतात, कंपायलर याच्या फेऱ्या एकदम का चालवत नाही? कारण डिपेंडन्सी: एका फेरीत लिहिलेली जागा दुसरी फेरीही वाचते किंवा लिहिते, म्हणून फेऱ्यांचा क्रम मोडता येत नाही. ती आहे का, ते असं तपासा.

१. एकाच अ‍ॅरेच्या संदर्भांच्या जोड्या काढा. दोन्ही नुसत्या वाचणाऱ्या असतील तर सोडून द्या.

२. मसावि लावा: कंसातल्या ‘न’च्या गुणकांच्या मसाविने उरलेल्या आकड्यांच्या फरकाला भाग जातो का, ते बघा. [२न] लिहिताय, [२न+१] वाचताय? २ ने १ ला भाग जात नाही, संबंध संपला. पण भाग गेला म्हणजे डिपेंडन्सी आहेच, असं नव्हे. न ० ते ४९ असताना [न] आणि [न+१००] यांची गाठ कधीच पडत नाही. मसाविला लूपची मर्यादा दिसत नाही. ती बघते बॅनर्जी चाचणी.

३. आता दिशा. इथेच सगळे घसरतात. ‘कंसात उणे म्हणजे फ्लो, अधिक म्हणजे अँटी’ हे पाठांतर कृपा करून विसरा. आधी लिहून मग वाचलं तर फ्लो, आधी वाचून मग लिहिलं तर अँटी. एकच घर धरा, भरती[७]. न ६ असताना ते वाचलं जातं, ७ ला लिहिलं जातं, ८ ला पुन्हा वाचलं जातं. सहाकडून सातकडे अँटी, सातकडून आठकडे फ्लो. दोन्हींचं अंतर १ फेरी. बाण नेहमी आधीच्या फेरीकडून नंतरच्या फेरीकडे. अंतर उणे आलं तर जोडी उलटी धरलीत. ती फिरवा आणि प्रकारही बदला. हाच लूप उतरत्या क्रमाने चालवा, [न+१] फ्लो होतो. कुठे गेलं पाठांतर?

अँटी जुन्या प्रतीतून वाचलं की सुटते. फ्लो तशी सुटत नाही. [न−१] सुद्धा जुन्या प्रतीतून वाचलंत तर लूप पळेल, पण उत्तरं वेगळी येतील. तुम्हाला तीच हवी असतील तर खुशाल करा, फक्त जाणूनबुजून.

४. लूपमध्ये लूप असेल तर अंतरं बाहेरून आत लिहा. पहिलं शून्येतर अंतर अधिकच हवं. (१, −१) असेल तर लूपची अदलाबदल करू नका, (−१, १) होईल.

५. सी भाषेत दोन पॉइंटर एकाच जागेवर येत नाहीत याची खात्री असेल तरच ‘रिस्ट्रिक्ट’ (कंपायलरला तशी हमी देणारा शब्द) लिहा. मग जीसीसी या कंपायलरकडून व्हेक्टरायझेशनचा, म्हणजे अनेक फेऱ्या एकदम चालवण्याचा, अहवाल मागवा. कोणता लूप अडला ते तो ओळ क्रमांकासह सांगतो.