काका, महिन्याला दिवस किती?

गावाकडून फोन येतो. कधी स्पर्धेत बक्षीस मिळवलेला पोरगा असतो, कधी नुकतेच निवृत्त झालेले कोणी गुरुजी. "मालिकेत काम करायचंय, सुरुवात कशी करू?" मी विचारतो, "घरभाडं किती भरता?" समोरचा गोंधळतो. पण मालिकेतले मामा, काका, डॉक्टर, सरपंच, वकील, म्हणजे आम्ही चरित्र अभिनेते, यांचा संसार याच आकड्यावर बेतलेला असतो. भाडं महिन्याला ठरलेलं, पण आम्हाला पैसे मिळतात ते दिवसावर, म्हणजे जितके दिवस बोलावलं तितक्याच दिवसांचे. एका दिवसात एक सीन झाला काय आणि सहा झाले काय, दिवस एकच. त्यामुळे सेटवर आमच्यातले दोघे भेटले की भूमिका कशी आहे हे नंतर, आधी प्रश्न ठरलेला: महिन्याला दिवस किती?

2001 साली बँकांमध्ये व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा मी सांगलीत कॅश काउंटरवर होतो. वय एक्केचाळीस, कानशिलं पांढरी, अंगात राज्य नाट्य स्पर्धेची चौदा वर्षं. अल्फा आणि ई टीव्ही या मराठी वाहिन्या तेव्हा नवीन होत्या आणि रोजच्या मालिकांचं पेव फुटू लागलं होतं. 'चार दिवस सासूचे' त्याच वर्षी सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग करून 2013 साली थांबली. अशा एका घरात अकरा वर्षांत किती नातेवाईक, किती भटजी आणि किती इन्स्पेक्टर लागले असतील, विचार करा. चाळिशी उलटल्यावर या धंद्यात येणाऱ्यांना आपण उशीर केला असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ऑडिशनला कोवळ्या चेहऱ्यांची रांग जिन्यापर्यंत असते, पिकल्या मिशीवाले आम्ही पाच-सहा जण खुर्च्यांवर बसून चहा पीत असतो.

पहिली भूमिका डॉक्टरची, वाक्यं दोन. ती मी सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेला ऐकू जातील अशी ठणकावून म्हटली. साउंडवाल्याने हेडफोन काढून कान चोळले. शर्टाच्या आत लेपल माइक असतो, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलताय तेवढाच आवाज पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं. नाटकाने दिलेलं पाठांतर आणि शिस्त जन्मभर कामाला येते, आवाज मात्र सेटच्या दारात ठेवून आत जायचं.

मग पंगतीचा सीन आला. मराठी मालिकेत जेवणाच्या टेबलाला पर्याय नाही. घरातली सगळी भांडणं तिथेच निघतात. पुढे श्रीखंड-पुरी होती. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळी पंगत एकत्र दिसते त्या शॉटमध्ये, मी खरोखरीच चवीने खाल्लं, दोन पुऱ्या, वाटीतलं निम्मं श्रीखंड. मास्टर संपला. मग तोच सीन पुन्हा पुन्हा: सासूचा क्लोज, म्हणजे फक्त चेहरा, सुनेचा क्लोज, दोघींचे एकमेकींच्या खांद्यावरून घेतलेले ओव्हर द शोल्डर, मग माझी रिअॅक्शन. आणि दर वेळी कंटिन्युटी, म्हणजे सगळे शॉट एकमेकांशी जुळतात का हे बघणारी मुलगी येऊन सांगायची, "काका, 'या घरात माझं कोण ऐकतं' या वाक्यावर तुमचा घास तोंडाजवळ होता." दर वेळी नवी पुरी, वाटी पुन्हा भरलेली. दुपारी चारपर्यंत मी अकरा पुऱ्या खाल्ल्या होत्या आणि माझं वाक्य एकच होतं: "अगं, जेवताना नको." तेव्हापासून मी पंगतीत पुरी फक्त मोडतो. शेजारचा अनुभवी नट पहिल्यापासून पाण्याच्या पेल्यावर बोट फिरवत का बसला होता, तेही उमगलं.

यात हसण्यासारखं आहे, पण आमचं निम्म्याहून अधिक काम हेच आहे. बोलणारे दुसरे असतात, आपण ऐकणारे. एडिटरला कुठेतरी कट मारायला चेहरा लागतो, आणि ज्याच्या चेहऱ्यावर खरंच ऐकल्याची खूण असते त्याचाच शॉट तो उचलतो. उगाच भुवया उडवणाऱ्याचा तो टाळतो. दुसरी गोष्ट, समोरच्याचा क्लोज चालू असताना उठून जाऊ नका. आपण कॅमेऱ्यात नसलो तरी कॅमेऱ्याच्या कडेला उभं राहून क्यू द्यायचा, म्हणजे आपली वाक्यं म्हणायची, त्याच भावनेत. आपण गेलो की असिस्टंट हातातल्या कागदावरून सपाट आवाजात वाचतो, आणि समोरच्या पोरीला रडायचं असतं. माझी तिसरी मालिका मला अशाच एका नायिकेच्या शब्दावर मिळाली. तिने म्हणे क्रिएटिव्हला, म्हणजे गोष्ट आणि पात्रं बघणाऱ्याला सांगितलं, बाबांच्या भूमिकेला तेच काका घ्या, ते थांबतात.

ऑडिशनबद्दल थोडक्यात सांगतो. आता बहुतेक निवड फोनवरच्या व्हिडिओवर होते. साधी भिंत, समोरून उजेड, फोन आडवा. नाव, वय, उंची, राहण्याचं गाव, मग दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. फोटो ताजे पाठवा, केसांना कलप न लावलेले. पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोवर बोलावणं आलं तर ते त्या फोटोतल्या माणसाला असतं. आणि रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, 'चॅनलचं कार्ड' असलं काही म्हणून कोणी पैसे मागितले तर फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

काम मिळालं की करार येतो, आणि आपण आनंदाच्या भरात शेवटच्या पानावर सही करतो. तसं करू नका. महिन्याला किमान दिवसांची हमी आहे का, हे आधी पाहा. नवख्याला ती सहसा देत नाहीत, पण विचारायला लाजू नये. हमी नसताना दुसरं काम करायची बंदी घातली असेल तर तिथे बोलावंच लागतं. महिन्याला चार दिवस देणार आणि बाकीचे सव्वीस दिवस घरी बसवणार, हा सौदा होत नाही. शिफ्ट किती तासांची, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हेही लिहून घ्या. मुंबई-ठाण्याच्या कडेला घोडबंदर रोड किंवा मढच्या सेटवर रात्री साडेदहाला पॅकअप झाल्यावर रिक्षावाला काय भाव सांगतो ते एकदा ऐकलंत की हे कलम आपोआप आठवेल. साताऱ्याकडे, कोल्हापुरात किंवा कोकणात चित्रीकरण असेल तर राहणं-जेवण युनिटचं असतं आणि तुमचे दिवस सलग लावतात. घरापासून लांब पडतं, पण पैसे साठतात.

साठवावे लागतातच, कारण पैसे साधारण 90 दिवसांनी येतात. जूनमध्ये केलेल्या कामाचा चेक नवरात्राच्या आसपास. त्यातही 10 टक्के टीडीएस कापून. पॅन नीट द्या आणि विवरणपत्र भरा, म्हणजे जास्तीचा कर परत मिळतो. पहिली भूमिका मिळाल्यावर नवी गाडी घेणारे मी पाहिलेत आणि तीच गाडी आठ महिन्यांत विकणारेही. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नका. माझे एका निर्मात्याकडे अकरा दिवसांचे पैसे अडकले ते अडकलेच. मालिका बंद पडली, ऑफिसला कुलूप, फोन बंद. मी तेव्हा सिंटाचा, म्हणजे नटांच्या संघटनेचा सभासद नव्हतो आणि माझ्याकडे कागदही नव्हता. सभासद झालो ते त्यानंतर. कॉलशीटचा, म्हणजे कोणी कधी यायचं त्या कागदाचा, निदान तारीख आणि वेळ असलेल्या मेसेजचा फोटो काढून ठेवायची सवयही तेव्हापासूनची.

दिवस कमी होऊ लागले की ते आपल्याला कोणी सांगत नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, शुक्रवारी गोष्ट वळण घेते, आणि तुमच्या ट्रॅकला, म्हणजे तुमच्या पात्राच्या गोष्टीला, नऊऐवजी पाच दिवस लागतात. मग तीन. मग तुम्ही 'गावाला' जाता. गोष्टीतलं गाव फार लांब असतं, तिथून कोणी परतत नाही. उलटंही घडतं म्हणा. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका 2016 साली सुरू झाली तीच घरातल्या अण्णा नाईकांच्या मरणापासून. आणि 2019 साली दुसऱ्या पर्वात गोष्ट मागच्या काळात गेली तेव्हा त्याच अण्णांच्या भूमिकेतले माधव अभ्यंकर घरोघर पोचले. असं भाग्य शंभरात एखाद्याचं, पण ते साठीच्या आसपासही येऊ शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

माझ्या वाट्याला आला तो फोटो. दोन वर्षं चाललेल्या मालिकेत मी नायिकेचा बाप होतो. एका सकाळी प्रॉडक्शनच्या मुलाचा मेसेज आला, "काका, एक छान फोटो पाठवा ना, हसरा. पासपोर्ट नको." मी समजलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, सफारीतला पाठवा, लग्नातला. चौथ्या दिवशी बापाला अपघात झाला, पाचव्या दिवशी भिंतीवर चंदनाचा हार घातलेला मी. तो भाग तिने पाहिला नाही. शेजारच्या वहिनी मात्र मुद्दाम येऊन सांगून गेल्या की आता तुमचं आयुष्य वाढलं.

मालिका पुढे चौदा महिने चालली. नायिकेला काही झालं की ती येऊन त्या फोटोसमोर रडायची, कॅमेरा माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर यायचा, मागे बासरी. आठवड्यात दोनदा तरी. मी एकदा अर्धं गमतीत शेड्युलरला, म्हणजे नटांचे दिवस लावणाऱ्याला, फोन करून विचारलं, फोटोचा दिवस धरता का हो? तो मनापासून हसला. मग म्हणाला, "काका, बुधवार-गुरुवार मोकळे आहात का? दुसऱ्या मालिकेत वकील हवाय."

मोकळाच होतो.