शेततळ्यात मासे, काठावर भाजी : या चुका टाळा

पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले की अनेक जण आधी औषधाचं दुकान गाठतात. निदान न करता तळ्यात औषध ओतू नका. शेततळ्यात मासे अचानक मरतात तेव्हा रोगाआधी दोन गोष्टी तपासायच्या: प्राणवायू आणि फवारणी.

मेलेले मासे नीट पाहा. पहाटेच्या सुमारास आणि मोठे मासे आधी मेले असतील, तर बहुधा प्राणवायू संपला आहे. कोणत्याही वेळी, लहानमोठे सगळे एकदम वेडेवाकडे पोहू लागले आणि पाण्यातले किडेही मेलेले दिसले, तर कीटकनाशक पाण्यात उतरल्याचा दाट संशय घ्या.

वांगी, टोमॅटोवर सर्रास मारली जाणारी सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही औषधं माशांना अत्यंत घातक आहेत. इथे डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाने फसू नका. तो माणसाच्या जिवाला असलेला धोका सांगतो, माशांचा नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण असला, तरी माशांबद्दलची सूचना वाचल्याशिवाय डबा फोडू नका. वारा तळ्याकडे वाहत असेल तर फवारणी त्या दिवशी करूच नका. तळ्यालगतच्या ओळींत चिकट सापळे, हाताने अळ्या वेचणं यावर भागवा. फवारणीचा पंप, बादली, मोजमापाचं भांडं तळ्यात धुणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. निंबोळी अर्कही पाण्यात सांडू देऊ नका. ताम्रयुक्त बुरशीनाशकांचंही तेच.

प्राणवायूचं गणित साधं आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात साठाच कमी. त्यात पाणी हिरवंगार झालं असेल, तर शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो घेतं. खाद्य जास्त पडलं किंवा शेणखताचा मारा झाला की शेवाळ वाढतं, म्हणून पेंड-कोंडा माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्क्यांपुरताच द्या आणि ढगाळ दिवशी निम्मा करा. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. वीज नसेल तर इंजिनावर पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात सोडा.

प्लास्टिक कागदाच्या तळ्यात माती नसते, त्यामुळे उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशीच कुजतात आणि अमोनिया वाढतो. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या पुढे गेला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून भाजीला पाणी घेताना वरचं स्वच्छ पाणी न घेता तळाजवळचं घ्या. माशांची घाण तिथून निघते आणि पिकाला नत्र मिळतं. पण ते थेट ठिबकला जोडू नका, ड्रिपर महिन्याभरात बंद पडतील. सँड फिल्टर (वाळूची गाळणी) हवा, नाहीतर सरळ पाटाने द्या. तळ्यात शेण टाकत असाल, तर ते पाणी कच्ची खायची कोथिंबीर, मुळा यांच्या पानांवर उडू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये भाजी आणि मासे एकाच पाण्यासाठी भांडतात. हा निर्णय आधीच घ्या: पाणी दीड मीटरच्या खाली जाण्याआधी मासे काढायचे. तळ्याच्या प्लास्टिक कागदावर त्या पातळीला ठळक खूण करून ठेवा. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) जुलै-ऑगस्टमध्ये सोडली तर कटला, रोहू, मृगळ उन्हाच्या तडाख्याआधी विकता येतात. बोटुकली सोडताना पिशवी १५ ते २० मिनिटं तळ्यातच तरंगती ठेवा. तापमानाचा धक्का बसला तर पहिल्याच दिवशी मरतूक होते.

थाई मांगूर हा मासा स्वस्तात आणि झटपट वाढतो म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. पावसाळ्यात तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात शिरतो आणि तिथले गावठी मासे खाऊन टाकतो. सांडव्याला बारीक जाळी मात्र मासे कोणतेही असोत, लावायलाच हवी, आणि ती पहिल्या मोठ्या पावसाआधी.