अमेरिकेत स्वतःचा टोल-फ्री क्रमांक घेऊन तो आपल्या फोनवर वळवून घेण्याची पद्धत

अमेरिकेत ८००, ८८८, ८७७, ८६६, ८५५, ८४४ किंवा ८३३ ने सुरू होणारा क्रमांक पाहिला की तो एखाद्या बँकेचा किंवा विमान कंपनीचाच असणार, असे आपण गृहीत धरतो; प्रत्यक्षात असा क्रमांक एखाद्या साध्या कुटुंबालाही घेता येतो, आणि त्यासाठी घरात वेगळी तार ओढावी लागत नाही की वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. टोल-फ्री क्रमांकाला स्वतःचा फोन नसतोच. कोणी तो फिरवला, की देशभरासाठी ठेवलेल्या एका सामाईक नोंदवहीत तो कोणाच्या ताब्यात आहे हे पाहिले जाते, त्यानुसार कॉल संबंधित कंपनीकडे जातो, ती कंपनी तो तुम्ही सांगितलेल्या मोबाइलवर किंवा लँडलाइनवर पोचवते, आणि पैसे फोन करणाऱ्याऐवजी तुमच्या खात्यातून कापले जातात. एटी अँड टी कंपनीने १९६७ मध्ये ही सोय सुरू केली. त्याआधी समोरच्याच्या पैशाने फोन करायचा तर ऑपरेटर मध्ये येऊन 'पैसे भराल का' असे विचारत असे, आणि होकार मिळाल्यावरच बोलणे सुरू होई.

आता जवळजवळ प्रत्येकाकडे अमर्याद बोलण्याचा मोबाइल प्लॅन असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेकांना त्याची गरज नाही हेही मी स्पष्टपणे सांगते. मात्र नोकरीमुळे दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणारे, घरून डबे किंवा शिकवण्या चालवणारे पण आपला मोबाइल क्रमांक जाहिरातीत छापू न इच्छिणारे, आणि भारतातून आलेले आई-वडील ज्यांच्याकडे सहा महिने राहतात असे लोक, या तिघांना त्याचा खरा उपयोग होतो. आमच्याकडे तो आईसाठी घेतला. ती पहिल्यांदा एकटी न्यूअर्क विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या फोनचे रोमिंग सुरूच झाले नाही, आणि आम्ही पार्किंगमधून आत येईपर्यंत ती दुसऱ्याच दाराशी जाऊन उभी राहिली होती. तिच्या चष्म्याच्या डबीत मी हा क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली होती. ती चिठ्ठी तिने मदत-खिडकीवरच्या बाईंपुढे धरली. 'यांच्या फोनवरून करते आहे गं, त्यांना काही पडत नाही ना?' हे तिचे पहिले वाक्य होते. दुसऱ्याच्या फोनचे पैसे खर्च करायला लाजणाऱ्या पिढीला 'याचे पैसे लागत नाहीत' एवढे सांगता येणे, ही माझ्या दृष्टीने या क्रमांकाची सर्वांत मोठी सोय आहे.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. भारतातले टोल-फ्री क्रमांक १८०० ने सुरू होतात आणि अमेरिकेतले १-८०० असे लिहिले जातात, त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे आहेत असे आपल्या माणसांना वाटते. अमेरिकेत सुरुवातीचा १ हा लांब पल्ल्याचा आकडा आहे आणि ८०० हा त्यापुढचा विभाग. भारतात १८०० हे चारही आकडे मिळून एक मालिका होते. तुमचा अमेरिकी क्रमांक पुण्याहून किंवा नाशिकहून फुकट लागणार नाही. बहुतेक वेळा तो लागतच नाही, आणि लागला तर फोन करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय दर पडू शकतो. भारतातल्या नातेवाइकांसाठी व्हॉट्सॲप कॉलच योग्य. तसेच भारतातला १८६० ने सुरू होणारा क्रमांक टोल-फ्री नाही, त्यावर फोन करणाऱ्याला पैसे पडतात, हेही आई-वडिलांना सांगून ठेवावे.

कंपनी निवडताना मी दरापेक्षा मालकीकडे आधी पाहीन. अमेरिकेतल्या सर्व टोल-फ्री क्रमांकांची मध्यवर्ती नोंद सोमॉस नावाची संस्था सांभाळते, पण ग्राहकाला तिच्याकडून थेट क्रमांक घेता येत नाही. तो 'रिस्पॉन्सिबल ऑर्गनायझेशन' म्हणून मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फत घ्यावा लागतो, जिला या धंद्यातले लोक थोडक्यात 'रेस्प-ऑर्ग' म्हणतात. तुम्ही ज्या संकेतस्थळावर पैसे भरता ती कंपनी स्वतः रेस्प-ऑर्ग असेल किंवा दुसऱ्या रेस्प-ऑर्गकडून क्रमांक घेऊन तुम्हाला देत असेल. १९९३ पासून ग्राहकाला आपला टोल-फ्री क्रमांक एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो, पण हा हक्क क्रमांक ज्याच्या नावे दिलेला आहे त्याचा असतो. म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारावे: हा क्रमांक माझ्या नावे नोंदला जाईल का, आणि उद्या मला तो दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा झाला तर तुम्ही सोडाल का, व त्यासाठी किती आकार घ्याल? उत्तर गोलमोल आले किंवा करारात 'क्रमांक कंपनीच्या मालकीचा राहील' असे वाक्य सापडले, तर दर कितीही कमी असला तरी तिथे थांबू नये. दहा वर्षे चिठ्ठ्यांवर, पत्रिकांवर, शाळेच्या अर्जांवर लिहिलेला क्रमांक हातातून गेला, तर वाचवलेल्या काही डॉलरांना अर्थ उरत नाही. गुगल व्हॉइसची मोफत वैयक्तिक सेवा अनेकांना ठाऊक आहे, पण तिथे साधे स्थानिक क्रमांक मिळतात, टोल-फ्री मिळत नाहीत.

त्यानंतर दराकडे यावे. महिन्याचा ठरावीक आकार आणि मिनिटामागे काही सेंट, अशी साधारण रचना असते. परंतु जाहिरातीतला मिनिटाचा दर अर्धीच गोष्ट सांगतो. पहिली अडचण मोजण्याच्या पद्धतीची आहे. समजा दर मिनिटाला ४ सेंट आहेत आणि बोलणे ६५ सेकंदांचे झाले. पूर्ण मिनिटांत मोजणारी कंपनी २ मिनिटांचे ८ सेंट लावील, तर ६ सेकंदांच्या टप्प्यांत मोजणारी ६६ सेकंदांचे ४.४ सेंट लावील. 'पोचले', 'खाली ये', 'चावी विसरले' अशा छोट्या निरोपांसाठी क्रमांक घेणाऱ्या घराला हा फरक जाणवतो. दुसरी अडचण अशी की काही कंपन्या येणाऱ्या कॉलचे आणि तो तुमच्या मोबाइलवर वळवण्याचे, असे दोन्ही तुकड्यांचे पैसे वेगवेगळे लावतात, त्यामुळे ४ सेंटांचे प्रत्यक्षात ८ होतात. प्रीपेड खाते घेतल्यास उरलेली शिल्लक किती दिवसांनी बुडते, आणि शिल्लक संपताच क्रमांक लगेच बंद पडतो की काही दिवसांची सवलत मिळते, हे विचारावे. सार्वजनिक फोनवरून आलेल्या कॉलवर वेगळा अधिभार लागतो. अशा फोनच्या मालकाला दर कॉलमागे द्यायची रक्कम २००४ मध्ये ४९.४ सेंट ठरवण्यात आली होती, आणि ती शेवटी टोल-फ्री क्रमांक घेणाऱ्याच्या बिलात येते. असे फोन आता फारसे उरलेले नाहीत, तरी बिलातल्या त्या ओळीचा अर्थ माहीत असावा.

आता प्रत्यक्ष क्रमांक. कंपनीच्या पानावर उपलब्ध क्रमांकांचा शोध घेता येतो. सर्व मालिका फुकटच लागतात, पण त्या परस्परांच्या जागी चालत नाहीत. तुमचा क्रमांक ८३३ चा असेल आणि फोन करणाऱ्याने सवयीने ८०० फिरवले, तर तो कोणा तिसऱ्याकडे जाईल. म्हणून क्रमांक सांगताना पहिले तीन आकडे थांबून, दोनदा सांगावेत. आकड्यांऐवजी अक्षरे लक्षात ठेवण्याची अमेरिकी पद्धत मराठी शब्दांनाही लागू करता येते: जी, एच, ए, आर म्हणजे 'घर' हा शब्द फोनच्या बटणांवर ४४२७ असा पडतो, आणि शेवटचे चार आकडे असे मिळाले तर मुलांनाही क्रमांक पाठ होतो. 'माजघर' हा शब्द रोमन लिपीत नेमका सात अक्षरांचा आहे, म्हणजे मालिकेनंतरची सगळी जागा तो भरून काढतो. मात्र असा मनाजोगता क्रमांक कोणी तुम्हाला हजारो डॉलरांना विकू पाहत असेल तर सावध राहावे, कारण विकण्यासाठी क्रमांक अडवून ठेवण्यास एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, १९९७ मध्येच बंदी घातलेली आहे. २०१९ मध्ये लिलावाने दिलेले ८३३ मालिकेतले काही क्रमांक एवढाच त्याला ठळक अपवाद आहे.

मिळणारा क्रमांक बहुधा आधी कोणाचा तरी असतो. पैसे भरण्यापूर्वी तो इंटरनेटवर अवतरणचिन्हांत टाकून शोधावा आणि एकदा फिरवूनही पाहावा. एखाद्या औषधविक्रेत्याच्या किंवा वसुली करणाऱ्या कार्यालयाच्या जुन्या पत्रकांवर तो छापलेला असेल, तर त्यांचे ग्राहक तुम्हाला फोन करतील आणि पैसे तुमचे जातील.

खाते उघडले की कॉल वळवण्याची मांडणी करावी लागते, आणि इथे घाई करू नये. तुमच्या मोबाइलचा क्रमांक भरून 'जतन करा' म्हटले की काम झाले असे दिसते, पण तुम्ही फोन उचलला नाही तर मोबाइल कंपनीचे व्हॉइसमेल तो उचलते, टोल-फ्री कंपनीच्या हिशेबी बोलणे सुरू होते, आणि तुम्ही न उचलल्यास ज्या पुढच्या माणसाकडे कॉल जायचा, त्याच्याकडे तो जातच नाही. यावर दोन उपाय आहेत. वळवलेला फोन किती सेकंद वाजू द्यायचा ही मर्यादा मोबाइलच्या व्हॉइसमेलपेक्षा कमी ठेवावी; स्वतःच्या मोबाइलवर घड्याळ लावून फोन करून पाहावा आणि व्हॉइसमेल जितक्या सेकंदांनी उचलते त्याहून पाच-सात सेकंद कमी भरावेत. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे फोन उचलणाऱ्याला 'बोलण्यासाठी १ दाबा' असे सांगणारी सूचना सुरू करणे, कारण व्हॉइसमेल १ दाबू शकत नाही. त्यानंतर क्रम लावावा: आधी माझा फोन, मग नवऱ्याचा, मग शेजारच्या वहिनींचा, आणि शेवटी टोल-फ्री खात्याचे स्वतःचे व्हॉइसमेल. वहिनींची परवानगी आधी घ्यावी, हे सांगायला नकोच.

मोबाइलच्या पडद्यावर फोन करणाऱ्याचा क्रमांक दिसावा की तुमचा टोल-फ्री क्रमांक, असाही पर्याय विचारला जातो. मी सुरुवातीला टोल-फ्री दिसावा असे निवडले, म्हणजे आईचा फोन आहे हे लगेच कळेल. न्यूअर्कला बोलणे मध्येच तुटले तेव्हा तिने कोणत्या फोनवरून केला होता हे पडद्यावर दिसेना. खाते उघडून कॉलच्या यादीत तो क्रमांक शोधेपर्यंत माझी दहा मिनिटे गेली. तेव्हापासून फोन करणाऱ्याचाच क्रमांक दिसेल अशी मांडणी मी ठेवली आहे. पैसे क्रमांकधारक भरत असल्याने कोणी आपला क्रमांक लपवून फोन केला तरी तो सहसा खात्याच्या नोंदीत दिसतो. ही माहिती तुमच्यावर विश्वासाने आलेली असते, ती तशीच जपावी.

चाचणी घरच्या एका मोबाइलवरून करून भागत नाही. लँडलाइनवरून, कार्यालयातून आणि दुसऱ्या राज्यातल्या मित्राकडून फोन करून घ्यावा. अलास्का, हवाई, पोर्तो रिको आणि कॅनडा तुमच्या योजनेत आहेत का ते पाहावे. टोरांटोला मावशी असेल तर कॅनडा मुद्दाम सुरू करून घ्यावा लागतो आणि त्याचा दर अनेकदा जास्त असतो. काही हॉटेलांत खोलीतल्या फोनवरून टोल-फ्री क्रमांक लावण्यालाही आकार पडतो, म्हणून आई-वडिलांना तळमजल्यावरच्या स्वागतकक्षातून फोन करायला सांगावे. या क्रमांकाकडून जास्त अपेक्षाही ठेवू नयेत: बँकांचे ओटीपी त्यावर बहुधा येत नाहीत, मेसेज पाठवायचे तर वेगळी पडताळणी करावी लागते, आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकासाठी थेट मोबाइलच हाती घ्यावा.

स्वयंचलित यंत्रांचे फोन ही या क्रमांकाची खरी डोकेदुखी आहे, कारण इथे नको असलेल्या फोनचेही पैसे आपणच भरतो. काही टोळ्या तर मुद्दाम टोल-फ्री क्रमांकांवर यंत्राने फोन लावून शांतता किंवा संगीत ऐकवत राहत, कारण त्या कॉलमुळे मधल्या कंपन्यांना मिळणाऱ्या शुल्कात त्यांना वाटा मिळे. हा धंदा मोडण्यासाठी एफसीसीने ऑक्टोबर २०२० मध्ये ती शुल्के टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय घेतला. आपल्या हाती असलेला इलाज म्हणजे त्रासदायक क्रमांक खात्यातून अडवणे आणि महिन्याच्या खर्चाला वरची मर्यादा घालणे. बिल आले की एकूण रकमेपेक्षा कॉलची यादी वाचावी. मध्यरात्री तीन वाजता सलग अकरा मिनिटांचा कॉल दिसला तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे.

पुढे कधी कंपनी बदलावीशी वाटली, तर जुने खाते आधी बंद करू नये. नव्या कंपनीकडे 'लेटर ऑफ ऑथरायझेशन' म्हणजे अधिकारपत्र भरून द्यावे, त्यावर नाव आणि पत्ता जुन्या बिलावर आहे तसाच, अक्षरशः तसाच लिहावा, ताजे बिल जोडावे, आणि क्रमांक नव्या खात्यात वाजू लागला हे स्वतः फोन करून पाहिल्यावरच जुने खाते बंद करावे. क्रमांक नकोच झाला असेल, तर तो सोडल्यानंतर जास्तीत जास्त चार महिने बंद अवस्थेत ठेवला जातो आणि मग पुन्हा सर्वांसाठी खुला होतो. म्हणून आधी चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी, पासपोर्टच्या पाकिटातला कागद आणि शाळेच्या अर्जातली नोंद बदलून घ्यावी, आणि मगच बंद करण्याचा अर्ज पाठवावा.