आऊटबोर्ड मशीन स्लोला भकभकतंय? स्क्रूला हात लावू नका आधी

होडी दोन महिने वर ओढलेली, 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की पाण्यात लोटायची आणि मग हे हमखास. रेसमध्ये आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर लावायचं मशीन) मस्त पळतं, पण स्लोला, म्हणजे रेस सोडून अगदी कमी वेगावर आणलं की भक-भक, गिअर टाकला की बंद. मग काय, स्लोचा स्क्रू पिळून रेस वाढवायची आणि मोकळं व्हायचं. मीपण केलंय. पण वाढलेल्या रेसवर गिअर टाकला की खाडकन आवाज येतो ना, तो डॉग क्लचचे (गिअर अडकवणाऱ्या दातेरी भागाचे) दात खातो, आणि ते काम स्वस्तात होत नाही.

मी दोन सिलिंडरवाल्या टू-स्ट्रोक कार्बोरेटर मशीनचं सांगतोय. जमिनीवर चालवून बघायचं तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा, पंखा (प्रोपेलर) काढून, कोरडं चालवलं तर इंपेलर (मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चक्र) गेलाच समजा.

आधी पेट्रोल. हल्ली त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा, येईल ते काचेच्या ग्लासात घ्या आणि जरा वेळ ठेवा, तळाला वेगळा थर दिसला की टाकीच रिकामी करायची. नवीन पेट्रोलात ऑइल मॅन्युअल म्हणेल तेवढंच (50 ला 1 असेल तर 5 लिटरला 100 मिली), अंदाजपंचे ओतू नका.

आता मशीन स्लोला ठेवून पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा (हातपंप) हळूहळू दाबत रहा. सुधारलं? म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का बघा (हसू नका, होतं असं), मग नळीच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी), मग मशीनच्या इंधन पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा).

प्लग दोन्ही काढून शेजारी ठेवा. एक कॉफी रंगाचा कोरडा नि दुसरा काळा ओला असेल तर ओल्याचा सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग पुसून अदलाबदल करा, मिस प्लगबरोबर गेली तर प्लग खराब, तिथेच राहिली तर कॉइल किंवा कॉम्प्रेशन तपासायला मेकॅनिक.

एवढं करून फरक नाही तर बहुतेक स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरमधली बारीक पितळी नळी. काढून उजेडाकडे धरून बघा, केसाएवढं भोक असतं, त्यात जुन्या पेट्रोलचा चिकट तपकिरी डिंक बसलेला असतो. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट बाद. क्लीनर मारून भिजू द्या, मग हवा मारा. मिक्श्चर स्क्रू (स्लोला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी तो किती आटे आत जातो ते मोजून लिहून ठेवा, आणि टेकला की थांबा, आवळू नका.

स्लोचा स्क्रू आता हलवा, तोही पंखा लावून, होडी पाण्यात बांधून, मशीन गरम झाल्यावर.