वहीतून ‘गोड’ खोडताना

पहिल्या तीन महिन्यांतल्या माझ्या बिअर चाखण्याच्या वहीत एकच शब्द पानोपानी आहे: गोड. म्युनिक डुंकेल? गोड. व्हिएन्ना लागर? गोड, पण जरा कमी. मेर्त्सन? परत गोड. तिन्ही लागर, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअर. एका लहान ब्रुअरीच्या गुणवत्ता विभागात मी नवीन लागले होते. रोज सकाळी जेवणाआधी चाखणाऱ्यांचं पॅनेल बसायचं आणि प्रमुख मॅडम माझी वही चाळून विचारायच्या, “जिभेला गोड लागलं, की वासानं गोड वाटलं?” मला प्रश्नच कळायचा नाही.

शेवटी एक दिवस त्यांनी डुंकेलचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, नाक चिमटीत धर, घोट घे, आणि सोडू नकोस. तोंडात काय उरलं? थोडा कडवटपणा, फुग्यांची टोचणी आणि गोडवा अगदी जेमतेम. मग गिळून नाक सोडलं आणि श्वास बाहेर टाकला, तर पावाच्या भाजलेल्या कडेचा वास आतून भरून आला. मी तीन महिने ज्याला गोड म्हणत होते तो हा वास होता. यीस्टनं बहुतेक साखर खाऊन टाकलेली असते. उरतो तो माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गंध, आणि मेंदू तो गोडाच्या खात्यात टाकून मोकळा होतो. नवीन माणसानं पहिल्या आठवड्यात एवढं एकच करावं. प्रत्येक नमुन्याचा एक घोट नाक धरून, एक नाक सोडून.

‘गोड’ गेला की पुढची अडचण उभी राहते: मग लिहायचं काय? इंग्रजी तक्त्यांमधले ब्रेड, टोस्ट, बिस्किट, कॅरमेल मी पाठ केले होते, पण ग्लास समोर आला की एकही आठवायचा नाही. माझी गाडी पुढे सरकली ती आपल्याच तीन शब्दांवर: खमंग, खरपूस, करपट. भाजण्याच्या पायऱ्या आपल्या भाषेत आधीपासून लावून ठेवल्या आहेत, आणि माल्टची गोष्टही भाजण्याचीच आहे. पिल्सनर माल्ट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवतात, म्युनिक माल्ट १०० अंशांच्या पुढे नेतात. त्या उष्णतेत धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात. हीच मेयार अभिक्रिया; पावाची कड तपकिरी होते तीही हिच्यामुळेच. व्हिएन्ना लागर माझ्या वहीत ‘खमंग’ असते, डुंकेल ‘खरपूस’. डुंकेलमध्ये ‘करपट’ लिहायची वेळ आली तर काळा माल्ट जास्त पडलाय का, हे विचारायला जायचं.

बिअर परीक्षकांच्या परीक्षेला उपयोगी म्हणून थोडा इतिहासही डोक्यात ठेवा. व्हिएन्नाजवळचे आंतोन ड्रेअर आणि म्युनिकचे गाब्रिएल झेडलमायर हे दोघे तरुणपणी ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या पाहून आले. तिथली गरम हवेवर माल्ट वाळवायची पद्धत त्यांनी उचलली. ड्रेअरची व्हिएन्ना लागर १८४१ची. तोवरचा बराच माल्ट धुरकट नाहीतर गडद असायचा; हा तांबूस, स्वच्छ माल्ट त्या गरम हवेच्या भट्टीची देणगी.

आता माझी फजिती. बिअरच्या एका तुकडीला मी ‘भरदार, श्रीमंत माल्ट’ असा शेरा मारून सगळ्यांपेक्षा जास्त गुण दिले. बाकी पाचही जणांनी लिहिलं होतं: डायअसिटिल. म्हणजे लोण्यासारखा वास, लागरमधला दोष. यीस्ट आंबवताना त्याचा पूर्वपदार्थ बाहेर टाकतं, त्याचं डायअसिटिल होतं, आणि थोडा वेळ दिला तर यीस्टच ते परत गिळून टाकतं. बिअर घाईनं थंड केली की ते काम अर्धवट राहतं. म्हणून आंबणं संपत आलं की तापमान दोन-तीन दिवस १५-१८ अंशांपर्यंत चढवतात. शंका असेल तर एक नमुना साधारण ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करा, आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. तापवलेल्यातच लोणी आलं तर टाकी अजून तयार नाही.

माल्टी लागरमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण दोष माल्टच्या आड लपतात. लोणी ‘श्रीमंत’ वाटतं, शिळ्या बिअरचा मधासारखा वास ‘छान माल्ट’ वाटतो. माझी ढोबळ खूण अशी: माल्ट गिळल्यावर कोरडा होत जातो, डायअसिटिल जिभेवर बुळबुळीत थर ठेवून जातं. दर वेळी चालते असं नाही. शिजवलेल्या मक्याचा वास मात्र ओळखायला सोपा; तो डायमिथाइल सल्फाइडचा.

तापमानाबद्दल एकच. फ्रिजमधून काढल्या काढल्या शेरा लिहू नका. ३-४ अंशांना सगळ्या लागर सारख्याच लागतात. ग्लास तळव्यात धरून ८-१०पर्यंत येऊ द्या. चाखताना अत्तर, कॉफी, साबणाचा ग्लास टाळा वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल.

बीजेसीपीच्या, म्हणजे बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, परीक्षेचा विचार असेल तर ९० मिनिटांत ६ बिअर आणि प्रत्येकीसाठी पूर्ण भरलेली गुणपत्रिका, असा तो मामला आहे. ५० गुणांपैकी वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३. नवखे नेमके रंगावर चार ओळी खर्च करतात, मीही केल्या. शिवाय रंग फसवतो: मूठभर काळा माल्ट अख्खी बिअर गडद करतो आणि डोळ्यांनी वाचलेलं नाक मुकाट्यानं मान्य करतं. आम्ही महिनाभर काळ्या ग्लासातून चाखलं, तेव्हा दोन गडद लागर मी फिकट म्हणून लिहून दिल्या.

मागच्या आठवड्यात डॉपेलबॉक ही कडक, माल्टनं भरलेली लागर आली. नाक धरूनही जिभेवर गोडवा राहिला, म्हणून बऱ्याच दिवसांनी मी तो शब्द वहीत लिहिला. मॅडमनी या वेळी खोडला नाही. शेजारी पेन्सिलीनं विचारलं होतं, “किती?”