इंग्लंडमधली जुनी लाकडी घरं अभ्यासताना: रिकाम्या खाचांचं काय करायचं?

क्रक (जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत जाणाऱ्या वाकड्या लाकडांच्या जोड्या) आणि बॉक्स फ्रेम (उभे खांब आणि आडव्या तुळयांची चौकट) यांतला फरक तुम्ही वाचून आला असालच. पुढचं घरात शिरल्यावर कळतं. दर्शनी भिंतीवरून वय मुळीच सांगू नका. पुढे अठराव्या शतकातली वीट आणि आत पंधराव्या शतकातला ओकचा सांगाडा, अशी घरं आग्नेय इंग्लंडमधल्या केंट-ससेक्समध्ये आहेत. आधी माळ्यावर चढा. मूळ वासे काजळीने काळे असतील, तर खाली जमिनीवर उघडा जाळ असायचा. धुराडं आणि मधला मजला नंतरचे.

मला सगळ्यांत जास्त छळलं ते रिकाम्या खाचांनी, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायला कोरलेल्या, पण आता मोकळ्या असलेल्या. तुळईत बिनकामाची खाच दिसली की घरमालक सांगतात, 'जुन्या जहाजाचं लाकूड.' लगेच मान डोलावू नका. ती खाच बऱ्याचदा त्याच घरातल्या, पुढे काढून टाकलेल्या खांबाची असते. समोरच्या लाकडात तिची जोडीची खाच शोधा. खुंटीचं भोक पाहा. तुळईच्या खालच्या अंगाला भोकांची ओळ असेल, तर तिथे कुडाची भिंत असणार. कोकणात कारवी वापरतात, तिथे ओकच्या पट्ट्या किंवा हेझल या झुडपाच्या काठ्या. खाचा तिरक्या चौकोनी असतील, तर ती उभ्या लाकडी गजांची, बिनकाचेची खिडकी. मग सुतारांनी जोडणीच्या क्रमासाठी कोरलेले रोमन आकडे बघा. तीन आणि पाच सापडले, मधला चार नाही, तर गेलेल्या खांबाची जागा कळली. यातलं काहीच जुळेना, तेव्हा लाकूड दुसरीकडचं म्हणा. तेही बहुधा जुन्या घराचं नाहीतर कोठाराचं.

लाकडातली वाढीची वर्तुळं मोजून काढलेलं वर्षही डोळे मिटून घेऊ नका. नमुन्यात अगदी सालीपर्यंतचं लाकूड नसेल, तर शेवटचं वर्तुळ म्हणजे झाड तोडल्याचं वर्ष नव्हे. ते असेल तर मात्र चांदी, कारण ओक ओलाच वापरत. तोडणी आणि बांधणीत सहसा फार अंतर नसे.

लेझर स्कॅन नंतर करा. हाताने सांधा काढल्याशिवाय तो कळत नाही, हे माझं ठाम मत. मार्गदर्शकही शक्यतो स्वतः रंधा-छिन्नी चालवलेला शोधा. नुसत्या पदव्यांवर जाऊ नका.

सुरुवातीला काही उलगडत नाही, खूप एकटं वाटतं. घाबरू नका, नजर बसते. ससेक्समधल्या सिंगलटनला वील्ड अँड डाउनलँड म्युझियममध्ये बेलीफ नावाचं शेतघर आहे. तिथे जलाशय होणार होता म्हणून ते केंटमधल्या चिडिंगस्टोनहून सुटं करून इथे पुन्हा उभारलं. तिथे दिवसभर बसा, एकच भिंत निवडा आणि तिचा प्रत्येक सांधा वहीत काढा.